बास मासेमारीकडे तुम्ही पहिल्यांदा कसे वळलात?

भीमाकाठ

नमस्कार. आम्ही गेली सहा वर्षे टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. वसाहतीच्या मागे एक तळे आहे आणि मार्च लागला की संध्याकाळी त्याच्या काठावर गळ टाकणाऱ्यांची रांग दिसू लागते. माझा दहा वर्षांचा मुलगा गेल्या वर्षापासून तिथे जाऊन तास-तासभर उभा राहतो. कोणते आमिष कोणत्या रंगाचे असते, लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या दोन शिकारी माशांत फरक काय, हे सगळे त्याला तोंडपाठ झाले आहे. शेजारच्या एका वयस्क गृहस्थांनी, ज्यांचे सारे आयुष्य बास पकडण्यात गेले आहे, त्याला पुढच्या महिन्यात सोबत नेण्याचे कबूल केले असून त्यांनी मलाही आग्रहाने बोलावले आहे.

मी मूळची सोलापूरकडची. आमचे घर माळकरी, त्यामुळे घरात मासा कधी शिजला नाही, आणि उजनीच्या पाण्याशी माझा संबंध म्हणजे भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणे एवढाच. मुलाला अडवावे असे मला वाटत नाही, पण आपण खाणार नसू तर एखाद्या जिवाला गळाला लावायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे, हे योग्य आहे का, हा प्रश्न मनातून जात नाही.

म्हणून विचारते. आपल्यापैकी ज्यांना हा छंद लागला, त्यांना तो कसा लागला? कोणी नेले, पहिला मासा कोणता मिळाला आणि त्यानंतर तुम्ही पुन्हा का गेलात? घरात मासेमारीची परंपरा नसलेल्यांचे अनुभव मला विशेष हवे आहेत, पण परंपरा असलेल्यांनीही अवश्य लिहावे.

व्हाळकर

ताई, माझ्या घरी परंपरा होती, तरीही बासपर्यंत पोहोचायला मला नऊ वर्षे लागली, म्हणून लिहितो.

माझे बालपण मालवण तालुक्यात एका व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी गेले. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोर), गरी (गळाचा आकडा) आणि ओल्या मातीतून उकरलेले काडू (गांडुळे) एवढ्या साहित्यावर आम्ही मुले पावसाळा काढत असू. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येऊ लागले की शाळेत कोणाचेच लक्ष नसे. आजोबांना मात्र या सगळ्यात रस नव्हता. त्यांना हवी असे ती मरळ. भात कापून झाल्यावर शेतांच्या कडेच्या कोंडींत जे पाणी राहते, त्यात गवताच्या आडोशाला मरळ दबा धरून बसते. आजोबा गरीला लहानसा बेडूक लावत आणि तो गवताच्या कडेवर अलगद सोडून पाण्याच्या पृष्ठभागावरून उड्या मारत असल्यासारखा हलवत. पाणी फुटल्याचा मोठा आवाज होई, आणि त्या क्षणी मी काठी ओढायला धावलो की ते माझा हात धरून ठेवत. माशाने बेडूक तोंडात नीट घेऊन मान वळवेपर्यंत थांबायचे, असा त्यांचा दंडक होता.

२००४ मध्ये मी नोकरीसाठी मिशिगनला आलो. इथे तळी मोजता येणार नाहीत इतकी आहेत, पण बास पकडणे म्हणजे चकाकणाऱ्या नौका, महागड्या काठ्या आणि स्पर्धा, असे मी दूरचित्रवाणीवर पाहून ठरवून टाकले होते. २०१३ च्या जुलैमध्ये एका संध्याकाळी मी मुलीला घेऊन जवळच्या तळ्यावर फिरायला गेलो होतो. काठाचे पाणी कुमुदाच्या पानांनी भरून गेले होते आणि एक माणूस त्या पानांवरून रबराचा पोकळ बेडूक टुणटुण ओढत आणत होता. दोन पानांच्या मधल्या फटीत तो बेडूक क्षणभर थांबला आणि खालून पाणी फुटले. तो आवाज मी ओळखला. आजोबांना जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती, तरी माझा उजवा हात कोणीतरी धरून ठेवला आहे असे मला त्या क्षणी खरोखर वाटले.

पुढच्याच शनिवारी मी मासेमारीचा परवाना काढला, एक मध्यम प्रतीची काठी घेतली आणि तसाच बेडूक घेतला. पहिले तीन हल्ले मी गमावले, कारण आवाज झाल्याबरोबर ओढण्याची माझी खोड गेली नव्हती. चौथ्या वेळी मी श्वास रोखून थांबलो, दोर ताणला गेल्याचे हाताला जाणवले, मग ओढले. साधारण चौदा इंचांचा लार्जमाउथ बास होता. हिरवट पाठ, कुशीवरून जाणारा काळसर पट्टा आणि डोळ्याच्याही मागे पोहोचणारा जबडा. स्मॉलमाउथचा जबडा डोळ्याच्या पलीकडे जात नाही. ही खूण तुमच्या मुलाला आधीच ठाऊक असेल.

तेव्हापासून या माशाबद्दल जे जे कळत गेले, त्याने मला बांधून ठेवले. मरळ आणि बास यांचे कूळ एक नाही. लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ हे दोघेही सनफिशच्या कुळातले, म्हणजे तळ्याच्या काठी मुलांना हमखास मिळणाऱ्या चपट्या ब्लूगिलचे नातेवाईक आहेत. पण वागणूक पाहिली तर बासचे मरळीशी विलक्षण साम्य आहे. दोघेही आडोसा धरून बसतात, दोघांचाही हल्ला एका झेपेचा असतो, आणि दोघेही पिल्लांची राखण करतात. वसंतात पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सियसच्या वर चढू लागले की नर बास उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून गोल घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. त्यानंतर नर तिथून हलत नाही. तो शेपटी आणि परांनी अंड्यांवर पाणी खेळते ठेवतो, अंडी खायला येणाऱ्या ब्लूगिलांना हाकलतो आणि पिल्ले बाहेर पडल्यावरही काही काळ त्यांच्या भोवती फिरत राहतो. घरट्यावरच्या नराला आमिष दाखवले की तो भुकेने नव्हे तर रागाने झडप घालतो, म्हणून त्याला पकडणे सोपे असते. मी तसे करीत नाही. एकदा केले होते, आणि मी त्या नराला हातात धरून गरी काढत होतो तेवढ्या वेळात ब्लूगिलांनी घरट्यावर धाड घातली. काठावरून ते सगळे स्वच्छ दिसत होते.

अलीकडे मी बहुतेक वेळ लेक सेंट क्लेअरवर स्मॉलमाउथच्या मागे असतो. हे सरोवर विस्ताराने मोठे असले तरी त्याची सरासरी खोली अवघी ११ फूट आहे. उत्तर अमेरिकेत झेब्रा शिंपले पहिल्यांदा सापडले ते इथेच, १९८८ मध्ये. ते पाणी गाळून त्यातील सूक्ष्म अन्न खातात, त्यामुळे पाणी निवळले, तळापर्यंत ऊन पोहोचू लागले आणि पाणवनस्पती वाढल्या. शिंपल्यांनी इतर बरीच हानी केली आहे, पण नजरेने शिकार करणाऱ्या स्मॉलमाउथला हे निवळ पाणी मानवले. बारा-तेरा फुटांवरचा तळ नौकेतून दिसतो आणि त्या तळावरून तपकिरी मासा सावलीसारखा सरकत येतो. हे दृश्य दिसावे म्हणूनही मी जातो.

भीमाकाठ

व्हाळकर, आपले लिहिणे मुलाला मोठ्याने वाचून दाखवले. नर बास घरट्याची राखण करतो हे त्याला माहीत होते, पण मासा हातात असताना मागे घरट्याचे काय होते, याचा त्याने विचार केला नव्हता. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने विचारले की घरटे आहे हे काठावरून ओळखायचे कसे?

पायवाट

याचे उत्तर मी देते, कारण मीही टेक्सासचीच आहे आणि माझी सुरुवात काठावरूनच झाली. उथळ पाण्यात, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागी, तळाचा गाळ झाडून टाकलेला फिकट रंगाचा गोल दिसतो, परातीएवढा किंवा त्याहून मोठा. ध्रुवीकृत काचांचा चष्मा असेल तर पाण्यावरची चकाकी जाते आणि तो स्पष्ट दिसतो. लहान-लहान गोल जवळजवळ, वसाहतीसारखे असतील तर ते ब्लूगिलचे असतात.

आमच्याही घरी मांसाहार नाही. मला या छंदाकडे कोणी नेले नाही. मी एका राज्य उद्यानात मैत्रिणींबरोबर तंबूत राहायला गेले होते. टेक्सासच्या राज्य उद्यानांत काठावरून मासे पकडायला परवाना लागत नाही आणि काही उद्यानांत काठी-रीळही उसने मिळते, हे तिथल्या फलकावर वाचले आणि केवळ कुतूहलाने एक काठी मागून घेतली. बॉबर (दोराला लावायचा तरंगता गोळा), लहान गरी आणि गांडूळ. पहिला मासा तळहाताएवढा ब्लूगिल. बास मिळायला त्यानंतर चार महिने लागले. तुमच्या मुलाचाही पहिला मासा बहुधा बास नसेल, याची त्याला आधी कल्पना द्या. सतरा वर्षांखालील मुलांना या राज्यात परवाना लागत नाही, पण तुम्ही स्वतः उद्यानाबाहेर काठी हातात घेणार असाल तर तुमचा परवाना काढून ठेवा.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल माझे मत स्पष्ट आहे, ते पटेलच असे नाही. माशाला काही जाणवत नाही, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालत नाही. त्याला त्रास होतो. मी हा छंद ठेवला आहे, म्हणून तो त्रास कमीत कमी ठेवणे हे माझे काम आहे असे मी मानते आणि त्यात हयगय करीत नाही. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे ती सहज निघते. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तोच थर त्याला रोगांपासून वाचवतो. मोठा बास नुसत्या जबड्याला धरून आडवा तोलायचा नाही, दुसरा हात पोटाखाली हवाच. तापलेल्या फळीवर किंवा काँक्रीटवर तो कधीही ठेवायचा नाही. गरी खोल गिळली गेली असेल तर ती उपसून काढण्यापेक्षा दोर गरीजवळ कापून सोडणे माशाच्या हिताचे असते. आणि ऑगस्टमधल्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून त्या दिवसांत मी फक्त पहाटे जाते किंवा जातच नाही. हे सगळे करायची तयारी नसेल तर सोडून देण्याला काही अर्थ नाही, त्यापेक्षा पकडून खाणारा अधिक प्रामाणिक, असे मला वाटते.

मासा सोडून देण्याची ही पद्धत बासच्या स्पर्धांमध्ये पहिल्यापासून नव्हती. रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सातील बीव्हर लेकवर आपली पहिली मोठी स्पर्धा भरवली, तेव्हा पकडलेले मासे मारून आणणे हीच रीत होती. १९७२ पासून त्यांनी आपल्या स्पर्धांत मासे जिवंत आणून वजन झाल्यावर परत सोडण्याची प्रथा रुजवायला सुरुवात केली. नौकांमध्ये खेळत्या पाण्याच्या टाक्या आल्या त्या यातूनच रुळल्या. साधे मासे पकडणारे लोकही मग तसे करू लागले.

आपण सोलापूरच्या आहात म्हणून एक सांगते. टेक्सासमधील बासची बहुतेक प्रसिद्ध सरोवरे ही सरोवरे नसून धरणांचे जलाशय आहेत. लेक फोर्क हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. त्यात पाणी साठू लागले ते १९८० च्या सुमारास, म्हणजे आपली उजनी भरू लागली त्याच काळात. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, हे आपण पाहिले असेल. लेक फोर्कमध्ये झाडे न तोडता तशीच बुडू दिली होती आणि त्यांचे वाळलेले बुंधे आजही पाण्यातून उभे आहेत. बुडालेली झाडे, जुने रस्ते, कुंपणे, ओढ्यांची पात्रे या सगळ्यांच्या कडेने बास राहतो, त्यामुळे तिथे मासा शोधणे म्हणजे पाण्याखाली गेलेला गाव मनात उभा करणे असते. १९८६ मध्ये याच जलाशयात १७.६७ पौंडांची, म्हणजे सुमारे आठ किलोची मादी मिळाली. तेरा पौंडांवरील मासे पैदाशीसाठी राज्याच्या हवाली करण्याची योजना तिच्यापासून सुरू झाली. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला दिवसभरात काहीही मिळाले नाही, पण जुना नकाशा आणि आजचा जलाशय एकमेकांवर ठेवून पाहण्याची गोडी तिथेच लागली, आणि मी पुन्हा का गेले याचे खरे उत्तर ते आहे.

तिवर

मी अमेरिकेत कधी गेलेलो नाही. अलिबाग तालुक्यात राहतो. तरी या चर्चेत लिहितो, कारण बास म्हणतात असा एक मासा आमच्या खाडीतही आहे. आपला जिताडा, गोव्यातील लोक ज्याला चोणक म्हणतात तो, इंग्रजीत आशियाई सी बास म्हणून ओळखला जातो. लार्जमाउथशी त्याचे कूळ जुळत नाही, नाव तेवढे सारखे. पण तोही आडोशाचा शिकारी आहे आणि तोही गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उसळी घेऊन डोके झटकतो.

जिताड्याचे आयुष्य मोठे नवलाचे. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे मोठा झाल्यावर त्याची मादी होते. खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो. आमच्या भागात खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आतील शेतांजवळ तळी असतात. त्यांत शेतकरी जिताड्याची पिल्ले सोडून वाढवतात आणि पाहुणा मोठा असेल तर तळ्यातला जिताडा काढतात.

मला गळाची गोडी लागली ती उघाडीवर, म्हणजे त्या बांधातल्या पाणी सोडण्याच्या दारापाशी. ओहोटीला उघाडीतून आतले पाणी खाडीकडे धावू लागले की त्याबरोबर कोळंबी आणि लहान बोय बाहेर वाहत येतात, आणि जिताडा त्या प्रवाहाच्या कडेला, वेग जिथे मंदावतो तिथे, तोंड वर करून उभा असतो. हे मला माझ्या मामांनी दाखवले. ते तासभर काही न बोलता फक्त पाणी दाखवत राहिले, गळ टाकलाच नाही. आमिष म्हणून जिवंत कोळंबी लावतो. दोराच्या टोकाला जाड तंगूसचा तुकडा लागतोच, कारण जिताड्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि पातळ दोर ती सहज कापते. माझा पहिला जिताडा असाच गेला. दुसरा दोन वर्षांनी मिळाला.

ताई, आम्ही मासा खातो, त्यामुळे आपला प्रश्न आमच्यापुढे त्या रूपात येत नाही. पण अंगठ्याएवढी पिल्ले मिळाली तर मामा ती परत सोडत आणि मीही सोडतो. खाडीत तिवरांची तोड आणि भराव वाढल्यापासून उघाडीवर पूर्वीसारखा जिताडा येत नाही, याचे मला फार वाईट वाटते. गळाने कधी खाडी रिकामी झाली नाही.

किनारा

न्यू जर्सीहून थोडक्यात लिहितो. आमच्याकडे बास म्हटले की अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ लांब काळे पट्टे असलेला स्ट्राइप्ड बास. वसंतात मेनहेडन माशांचे थवे रॅरिटन उपसागरात येतात आणि त्यांच्यामागे हा येतो. एडिसनमधील माझ्या सहकाऱ्याने मला पहाटे चार वाजता किनाऱ्यावर नेले ते केवळ त्याला सोबत हवी होती म्हणून. पहिल्या तीन फेऱ्यांत मला काही मिळाले नाही. चौथ्या वेळी मिळाला तो ३४ इंचांचा, आणि तो परत सोडावा लागला, कारण २०२३ पासून २८ ते ३१ इंचांमधला एकच मासा ठेवता येतो. मोठ्या माद्या वाचाव्यात हा त्यामागचा हेतू. माझे मन तेव्हा थोडे खट्टू झाले होते. आता ३१ इंचांपेक्षा मोठा मासा पाण्यात परत जाताना पाहण्यासाठीच मी थंडीत उठतो.

भीमाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी आम्ही शेजारच्या आजोबांबरोबर गेलो, म्हणून कळवते.

त्यांनी मुलाला पहिला अर्धा तास काठी दिलीच नाही. तळ्याला फेरी मारून पाणी आत येण्याचा नळ, बुडालेली फांदी आणि सावलीची कड त्याच्याकडून ओळखून घेतली. (तिवर, आपले मामा मला आठवले.) दोन फिकट गोल दिसले. एकावर मासा होता. मुलाने स्वतःहून सांगितले की तिथे टाकायचे नाही, आणि आजोबांनी मान हलवली.

दुपारपर्यंत त्याला पाच ब्लूगिल मिळाले. गरीचे काटे घरीच पकडीने दाबून नेले होते, हात प्रत्येक वेळी ओले केले. पाचवा मासा सोडताना त्याने मला पाण्यात हात घालायला लावला. मासा माझ्या तळहातावर दोन-तीन क्षण स्थिर राहिला, कल्ले उघडमीट झाले आणि तो गेला. मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही की हे योग्य आहे. मी आईला फोनवर सांगितले, ती थोडी थांबली आणि मग तिने विचारले की मासा नीट पोहत गेला ना.

बास काही मिळाला नाही. आजोबांनी पुढच्या रविवारी टेक्सास रिग बांधायला शिकवायचे ठरवले आहे, म्हणजे गरीचे टोक मऊ प्लास्टिकच्या अळीत लपवायचे, जेणेकरून ती फांद्यांत अडकत नाही. पायवाट, त्या गरीचा काटाही सपाट करता का? तसे केले तर अळी तिच्यावर टिकेल का, अशी मुलाला शंका आहे.

पायवाट

हो, करते. अळी थोडी लवकर घसरते, म्हणून तिचे डोके गरीच्या दोर बांधलेल्या टोकाजवळच्या वाकापर्यंत घट्ट सरकवा आणि प्रत्येक फेकीनंतर तपासून घ्या. सुरुवातीला गडद रंगाची, सहा इंचांची अळी घ्या. दोर सैल पडू देऊ नका, नाहीतर काटा नसलेली गरी निसटते. मुलाला सांगा, त्याची शंका रास्त आहे.